नाकाड्या ट्रकचं इंजिन आणि माझी अक्कल

माझ्या धंद्यात माणसाची इज्जत केसापेक्षा बारीक जागेवर उभी असते. डिझेल गाडीच्या पंपात बोटाएवढी एक दांडी असते, तिला आम्ही प्लंजर म्हणतो. ही दांडी ज्या नळीत वरखाली होते, त्या दोघांमध्ये इतकी कमी फट असते की केससुद्धा आत जायला नकार देईल. ती फट वाढली की गाडी काळा धूर ओकते, घाटात बसकण मारते, आणि मालक दारात येऊन मिस्त्रीच्या आईबापांची आठवण काढतो. सांगलीत चाळीस वर्षं मी त्या फटीवर पोट भरलं. पंप उघडायचा, घासायचा, टेस्टबेंचवर चढवून प्रत्येक सिलिंडरला सारखंच डिझेल जातंय का बघायचं, सील मारून परत द्यायचा. काम एवढंच. अंगाला डिझेलचा वास मात्र असा बसला की लग्नात माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. इस्लामपूरचा एक ऊसवाहतूकदार बायकोला घेऊन आला होता. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. माझी बायको शालन डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, "उन्हाचं एवढ्याशा लेकराला कशाला आणलंसा?" दुपटं उघडलं तर आत पंप. मी एकदा ओरडलो होतो की पंप आपटत आणू नका, म्हणून तो बायकोच्या मांडीवर बसून एसटीनं आला होता. दुसरा एक बागायतदार डिझेल गाळायला आजोबांचं धोतर वापरायचा. धोतराचे धागे मी त्याच्या नोझलमधून चिमट्यानं काढले, तर म्हणतो कसा, "मिस्त्री, धोतर चांगलं हुतं हो, सणाचं हुतं."

असल्या माणसांत मी खूश होतो. पण मी सांगणार आहे ते काम वर्कशॉपमधलं नाही. ते निवृत्त झाल्यावर, आष्ट्यातल्या माझ्या घरामागच्या परड्यात केलं. आणि त्यात शोभा गिऱ्हाइकाची झाली नाही, माझी झाली.

सुभेदार हणमंतराव माने हे वाळव्याकडच्या एका गावचे. फौजेत सारी नोकरी ड्रायव्हर म्हणून काढली, वय चौऱ्याहत्तर, मिशा अजून ड्युटीवर. श्रावणात एका सकाळी ते ट्रॅक्टरला बांधून एक जुना फौजी ट्रक घेऊन माझ्या दारात आले. लांब नाकाचा, गोल डोळ्यांचा, लिलावात घेतलेला. आत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ते कधी बंद पडलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं तीन पिढ्यांचं घर होतं.

"मिस्त्री, हेच इंजन ठेवायचं," सुभेदार म्हणाले. "डिझेलचं घालायचं न्हाई. फकस्त ह्याला टर्बो लावा. आन कारबुरेटर काढून इंजेक्शन करा."

"सुभेदार, ह्या वयात टर्बो कशाला?"

ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. "फौजेत असलीच गाडी चालवली. वर डोंगरात हवा इरळ. गाडी कुत्र्यागत धापा टाकायची. मी आन माझा जोडीदार निम्मा घाट ढकलत न्यायचो. एकदा शेजारनं टर्बोची नवी गाडी गेली, शिट्टी वाजवत. त्यातला ड्रायव्हर मला हात करून गेला, गड्या. दात काढून! आयुष्यभर मी हिला ढकलली. एकदा हिनं मला न्यावं. साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट, न थांबता, तिसऱ्या गेरात. बास."

टर्बो म्हणजे काय ते सांगतो. चुलीला आपण फुंकणीनं हवा देतो, मग जाळ वाढतो. टर्बो ही इंजिनाची फुंकणी, फक्त इथं फुंकायचं काम वाया जाणारा धूरच करतो. तो बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं. कार्बुरेटरमधून इंजिन पेट्रोल ओढून घेतं, स्ट्रॉनं उसाचा रस प्यावा तसं. इंजेक्शनमध्ये त्याला मोजून पिचकारी मारायची. आणि पिचकारी हाच तर माझा चाळीस वर्षांचा धंदा. मी छाती फुगवून हो म्हणालो.

इंजिन खोललं, आणि पाऊस थांबेना म्हणून त्याचा ब्लॉक घराच्या पुढच्या सोप्यात आणला. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, आडवा ठेवू नये, वाकतो, म्हणून तो कोपऱ्यात उभा केला. पाहुणे त्याला टोप्या अडकवायचे. पिस्टन जेवणाच्या ताटात, व्हॉल्व्ह पळीपंचपात्राशेजारी. शालन चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "आवं, तुमी रिटायर झालाय का वर्कशॉप रिटायर हून माझ्या घरात आलंय?"

इंजिनाचं काम मी झकास केलं, हे सांगताना खोटं लाजणार नाही. सिलिंडर बोअर करून घेतले, व्हॉल्व्ह बसवले, एका मोडीत निघालेल्या गुऱ्हाळाच्या जाड पाइपातून धूर टर्बोत नेणारं मॅनिफोल्ड वेल्ड केलं. मग आली पिचकारी. इथं माझी अक्कल पेंड खायला गेली.

डिझेल हे तेलकट असतं. पंपातली ती बारीक फट डिझेलच वंगण देऊन जिवंत ठेवतं. पेट्रोल कोरडं. डिझेलच्या पंपात पेट्रोल घातलं तर दांडी नळीत घासते, तापते आणि जाम होते. हे मला माहीत नव्हतं का? पोरासोरांना मीच शिकवलेलं. पेट्रोलला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन लागतं. सेन्सर, वायरिंग, लॅपटॉप. पण तो शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा. त्याच लॅपटॉपनं माझ्या धंद्याचं श्राद्ध घातलेलं. मी ठरवलं, मी माझाच पंप बसवणार. पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलं की भागेल.

पहिला पंप आठ दिवसांत जाम झाला. ऑइल कमी पडलं म्हणून दुसऱ्याला जास्त मिसळलं. तो चालला, पण धूर असा निघाला की गल्लीतल्या बायकांनी डासांची फवारणी आली म्हणून खिडक्या लावून घेतल्या. शेजारचे गुरव गुरुजी आभार मानायला आले. तिसऱ्या खेपेला पंपाचा शाफ्टच मोडला. दर खेपेला सुटे भाग जमवायला महिना जायचा. श्रावणात आलेली गाडी मार्गशीर्षातही मुकीच होती.

सुभेदार दर गुरुवारी एसटीनं यायचे. शेंगा आणायचे, लाकडी स्टुलावर बसायचे आणि बघायचे. मी सांगायचो, "पुढच्या गुरुवारी चालू." ते म्हणायचे, "व्हय, सावकास." एकदोनदा ते दाराच्या चौकटीला खांदा धडकून आत आले. एकदा त्यांनी बेअरिंगचा डबा लाथेनं उडवला. मी हसून म्हणालो, "सुभेदार, कँटीनची बाटली लवकर उघडली वाटतं." तेही हसले.

त्या दिवशी ते गेल्यावर शालन आत आली. "त्यांनी घेतलेली न्हाई," ती म्हणाली. "त्यांना कडंचं दिसत न्हाई."

"कशावरनं?"

"मी बाजूनं चहा धरला. तुमच्याशी बोलत हुते, हात कानापाशी नेला तरी कळलं न्हाई. समोर धरला तवा घेतला. तीन गुरुवार बघत्येय मी."

पुढच्या गुरुवारी मी सरळ विचारलं. सुभेदारांनी शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले, आणि मग सांगितलं. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांकडं दोन वर्षं चाललंय. थेंब घालायचे, पण गेलेली नजर परत येत नाही. बाजूनं बंद होत आत येते. "सायलेन्सरच्या पायपातनं बघितल्यागत दिसतंय. पाइप बारीक बारीक व्हत चाललाय. डॉक्टर म्हणालं, होळीनंतर स्टेरिंगला हात लावायचा न्हाई."

"आवं, मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"घाईचं काम बरं नसतंय, मिस्त्री."

मी हातातला पाना खाली ठेवला. चार महिने मी त्या माणसाला स्टुलावर बसवून तीन पंप जाळले होते. वेळ त्याच्या डोळ्यांचा होता, आणि हौस माझी.

शालन म्हणाली, "मिरजंला जावा." फक्त एवढंच. कुणाकडं जायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

रफिक मुलाणी. अठरा वर्षं माझा भागीदार. एका बेंचवर दोघं उभे राहायचो, एका डब्यात जेवायचो. मग इलेक्ट्रॉनिक गाड्या आल्या आणि रफिकनं कोर्स केला, स्कॅनर आणला. मला तो स्कॅनर सवतीसारखा वाटला. एक दिवस गिऱ्हाइकांनी भरलेल्या वर्कशॉपमध्ये मी मोठ्यानं म्हणालो, "रफिक, मिस्त्रीपणा सोड आन मोबाईलचं दुकान टाक. हात काळं व्हणार न्हाईत." माणसं खदाखदा हसली. रफिक हसला नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारं उचलून मिरजेला गेला. नऊ वर्षं आम्ही लग्नकार्यात दिसलो की दोघंही जिलबीकडं बघत उभे राहायचो.

मिरजेत त्याचं वर्कशॉप दवाखान्यांच्या रस्त्याला, समोर चहाचा गाडा. मी आत जाऊन सगळं सांगितलं. ट्रक, पंप, डोळे. तो वायर सोलत ऐकत होता. वर बघितलं नाही.

"तीन पंप जाळलंस?" त्यानं विचारलं.

"तीन."

"पेट्रोलवर?"

"व्हय."

"पयल्या वर्साचं पोरगंबी करत न्हाई असं." मग त्यानं वायर बाजूला ठेवली. "वसंता, तू मला बोललास तवा वर्कशॉपात बारा माणसं हुती. मी मोजली हुती. काम करीन, पण माफी बारा माणसांम्होरं मागायची."

मला वाटलं थट्टा करतोय. तो करत नव्हता. तो दारात येऊन हाताची घडी घालून उभा राहिला.

मग मी चहाच्या गाड्यावर गेलो. चहावाला, दोन रिक्षावाले, औषधांच्या दुकानातला माणूस, एक नर्स, रफिकची दोन गिऱ्हाइकं, पेशंटचे नातेवाईक. ओढून ओढून अकरा जमवले. एक कमी पडत होता. रफिक तिथून ओरडला, "अकराच हायत!" शेवटी एक माणूस हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, दवाखान्यातून बाहेर पडत होता. त्याला म्हणालो, "दादा, दोन मिंटं थांबा, मला माफी मागायचीय." तो बिचारा घाबरून म्हणाला, "मला तुमी धडक दिली न्हाई हो, ती गाडी पांढरी हुती."

तरी थांबला. आणि त्या बाराजणांसमोर मी बोललो. म्हणालो, हा समोर उभा आहे तो माझ्यापेक्षा चांगला मिस्त्री आहे, आणि मी त्याला भरल्या वर्कशॉपात मोबाईलवाला म्हणालो, कारण मला ते काम येत नव्हतं आणि शिकायची भीती वाटत होती. शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते आपसूक बाहेर आलं. प्लास्टरवाल्यानं चांगल्या हातानं माझा खांदा थोपटला. रफिक आत गेला, पिशवी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "चल. वैनी आमटीला अजून तसाच लाल कट काढती का?"

पुढचे सहा आठवडे घरात दोन म्हातारे भांडत होते. मी बसवलेला टर्बो बघून रफिकनं कपाळाला हात लावला. "एवढा दांडगा? हा फिरायला लागूपर्यंत सुभेदार पेन्शनीतनं परत भरती व्हतील." एका मोडीतल्या पिकअपचा लहान टर्बो त्यानं आणला. इंजिनाच्या पुढं एक दातांचं चाक बसवलं, ते दात मोजायला एक सेन्सर. सायलेन्सरच्या पाइपात धुराचा वास घेणारा दुसरा. आणि ह्या सगळ्यांचं ऐकून कुठल्या सिलिंडरला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारी वहीएवढी एक पेटी. लॅपटॉप शालनच्या पिठाच्या डब्यावर. मी म्हणायचो, "कानानं ऐक, इंजन ठोकतंय." तो म्हणायचा, "आकडं बघ, ठोकत न्हाई." दोनदा तो बरोबर निघाला. एकदा मी. त्या वेळी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, फुटलं आणि गंजकट गरम पाण्याची चिळकांडी वाळत घातलेल्या गोधड्यांवर गेली. शालननं त्या दिवशी दोघांनाही आमटीत कट दिला नाही.

माघात एका दुपारी ते इंजिन पहिल्यांदा स्वच्छ बोललं. धूर नाही, अडखळणं नाही. रफिकनं ॲक्सिलरेटर दाबला तशी आधी घरघर, आणि मग त्यातून वर चढत गेलेली एक बारीक शिट्टी. रफिकनं माझ्याकडं बघितलं. मी आकडे बघत होतो आणि तो कान देऊन ऐकत होता.

गुरुवारी सुभेदार आले. ह्या वेळी पुतण्या हात धरून एसटीतून उतरवून गेला होता. त्यांनी शिट्टी ऐकली, बोनेटवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मी म्हणालो, "चला सुभेदार, यवतेश्वर. रविवारी."

"न्हाई," ते म्हणाले. "परवा डॉक्टरकडं गेलतो. त्यांनी आत्तापासनंच बंद केलंय. पाइप लईच बारीक झाला."

"मग मी चालवतो, तुमी शेजारी बसा," रफिक म्हणाला.

"शेजारी बसून मी काय करू, घाटाची हवा खाऊ? मला चालवायची हुती." त्यांनी बोनेटवरचा हात काढला. "आन मी हट्टानं चालवली, आन वळणावर कडंनं शाळंची पोरं आली तर? न्हाई. घाट ऱ्हाऊ द्या." त्यांनी मिशा पुसल्या. "माझा ऊस मंगळवारी कारखान्याला गेला. सात एकर मोकळं हाय. पाचाट गोळा करून बांधाच्या पल्याड टाकलंय. तिथं कोण माझ्या आडवं येतंय बघू."

रविवारी सकाळी ट्रक त्यांच्या रानात नेला. सुभेदार स्टेअरिंगवर, फौजेची टोपी घालून. मध्ये रफिक लॅपटॉप मांडीवर घेऊन. डाव्या दाराला मी, क्लिनर; माझं काम बांध आला की ओरडायचं. माझी मोटारसायकल मी लांब, बांधाला टेकवून उभी केली होती.

पहिला गिअर, दुसरा. सरीवरंब्यावरून ट्रक बोटीसारखा हलत होता. चिखलात पाय घालून चालल्यासारखा सुरुवातीला जड, आणि मग त्यांनी तिसरा टाकला. टर्बो जागा झाला. शिट्टी वाढत गेली आणि ट्रकनं नाक वर करून आम्हाला पाठीमागं सीटवर दाबलं. सुभेदार ओरडले. शब्द नव्हता तो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडून मी तसा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "ओढतीय! आरं, ही ओढतीय!"

"बांध! डावीकडं बांध!" मी ओरडलो.

"कुठाय?"

"डावीकडं! उजवीकडं घ्या!"

कडकड आवाज झाला. ट्रक थांबला. इंजिन शांतपणे फिरत होतं.

"काय हुतं?" सुभेदारांनी विचारलं.

"माझी मोटारसायकल."

"चालू हुती का?"

"हुती."

रफिक लॅपटॉपमध्ये तोंड घालून हसत होता, खांदे हलत होते. मला हसू येईना. सुभेदारांचा तो आवाज कानातून जात नव्हता. तो यवतेश्वरच्या घाटात यायला हवा होता. मी म्हणालो, "सुभेदार, एक बोलायचंय. हे इंजन चार म्हयन्यापूर्वी चालू झालं असतं. तवा तुमाला दिसत हुतं. माझ्या हट्टापायी ते दिवस गेलं. तुमचं डोळं मी घालवलं न्हाईत, पण तुमचा घाट मी घालवला."

सुभेदारांनी माझ्याकडं बघायला मान पूर्ण फिरवली. आता त्यांना ती पूर्णच फिरवावी लागायची.

"व्हय," ते म्हणाले. "घालवला तुमी."

रफिकनं हसू आवरून लॅपटॉप मिटला.

"मी सारी नोकरी पेट्रोलच्या गाड्यांवर काढली, मिस्त्री. पेट्रोल कोरडं असतंय, हे मला ठावं न्हाई व्हय? पहिला पंप बसला तवाच मी वळखलं. म्हटलं, माणूस शाना हाय, एका पंपात समजंल. तुमाला तीन लागलं."

"मग बोलला का न्हाई?"

"दोनदा तोंड उघडलं. दोन्ही येळंला तुमी मला पंप कसा असतोय ते समजावून सांगितलंत."

मला आठवलं. खरंच सांगितलं होतं, प्लंजर हातात घेऊन.

"माफ करा, सुभेदार."

"ते बघू पुढं. आत्ताच माफ करवत न्हाई." त्यांनी समोर बघितलं, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. "तुमी उतरा आन ती मोटारसायकल काढा खालनं. मला अजून एक फेरी मारायचीय. मुलाणी, क्लिनरकी तुमी करा. हे कडंचं उशिरा सांगत्यात."

मी उतरलो. ट्रक मागं घेतला गेला आणि मोटारसायकल मोकळी झाली. पुढचं चाक पापडासारखं झालेलं. मी तिचं हँडल धरून सरळ करत उभा होतो, तोवर ट्रक रानाच्या पलीकडच्या टोकाला पोचून वळला होता. तिसरा पडलेला मला ऐकू आला, मागोमाग शिट्टी, मागोमाग सुभेदारांचा तो आवाज. आणि त्या सगळ्यावर रफिकचं ओरडणं: "उजवीकडं, सुभेदार! उजवीकडं! वसंता, हो बाजूला!"

मान वर करून बघितलं, तर लांब नाक थेट माझ्याच रोखानं येत होतं. मी मोटारसायकल तिथंच सोडली आणि बांधापलीकडच्या पाचटात उडी घेतली.